मंदीत सरकारने काय दिले, आणि मागे काय उरले?

(सभासद शिक्षण पाठ)



साखरेचा बाजार उतरला आणि उसाच्या पुढच्या हप्त्याला उशीर होऊ लागला, की गट ऑफिसच्या ओट्यावर एकच बोलणे निघते. "आता सरकार काय करणार?" कुणी म्हणतो कर्ज माफ करावे, कुणी म्हणतो टनाला अनुदान द्यावे, कुणी म्हणतो साखर बाहेरदेशी पाठवावी. प्रश्न रास्त आहे. भाव आपल्या हातात नाही आणि ऊस तर उभा आहे, मग माणूस सरकारकडे बघणारच.

मात्र या बोलण्यात तीन प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. मदत आली तर ती कोणाच्या नावावर येणार? तिच्याबरोबर अट कोणती येणार? आणि मदतीचा पैसा संपल्यावर मागे काय उरणार? हे तीन प्रश्न नीट समजावेत म्हणून या पाठात आम्ही अमेरिकेतील १९३० च्या दशकातील मंदीची हकीकत घेतली आहे. इतक्या लांबची हकीकत घेण्याचे कारण असे की, त्या देशाने सात-आठ वर्षांत शेतकऱ्यासाठी जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले. भाव, कर्ज, रोजगार, माती, वीज आणि साखरसुद्धा. त्यातले काय फसले आणि काय टिकले, हे आज नव्वद वर्षांनी स्पष्ट दिसते.

भाव कसा कोसळला

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या धान्याला युरोपात मोठी मागणी होती. भाव चढले. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले, गवताची कुरणे मोडून गहू पेरला. युद्ध संपले, युरोपची शेती पुन्हा सुरू झाली आणि १९२० नंतर भाव खाली आले. कर्ज मात्र चढत्या भावाच्या हिशेबाने काढलेले. म्हणजे शहरातल्या लोकांच्या आधी दहा वर्षे तिथला शेतकरी मंदीत होता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी सगळ्या देशावर आली. १९३३ पर्यंत कामकरी लोकांपैकी चारातला एक बेकार झाला. हजारो बँका बुडाल्या. गव्हाचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. त्याला १९२९ साली एक डॉलरच्या आसपास भाव होता, तो १९३२ साली ३८ सेंटांवर आला. कापूस पौंडाला सुमारे १७ सेंटांवरून साडेसहा सेंटांच्या घरात आला. आयोवा राज्यात मक्याला कोळशापेक्षा कमी किंमत आली, तेव्हा लोकांनी चुलीत मका जाळला.

कर्जाचा हप्ता चुकला की शेताचा लिलाव निघे. तेव्हा शेजारीपाजारी एकत्र जमत आणि गाईला, नांगराला काही पैशांचीच बोली लावत. बाहेरच्या माणसाने जास्त बोली लावू नये म्हणून गोठ्याच्या आढ्याला दोरीचा फास टांगून ठेवीत. लिलाव संपला की सगळी वस्तू मूळ धन्याला परत. १९३२ साली आयोवात शेतकऱ्यांनी रस्ते अडवून दूध आणि धान्य शहरात जाऊ दिले नाही. रास्ता रोको आपल्याकडेच होतो असे नाही.

पहिला उपाय: नुसती खरेदी

राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या काळात १९२९ मध्ये पन्नास कोटी डॉलरचे भांडवल देऊन सरकारने एक कृषी मंडळ नेमले. बाजारात गहू-कापूस जास्त आला की मंडळाने खरेदी करायची आणि भाव सावरून धरायचा. ऐकायला उपाय सरळ वाटतो.

झाले असे की, मंडळ खरेदी करते म्हटल्यावर पेरा कमी झाला नाही. गोदामे भरली, पैसा संपत आला आणि १९३१ मध्ये खरेदी थांबवावी लागली. गोदामातला माल कधीतरी बाहेर येणारच हे व्यापाऱ्यांना माहीत होते, त्यामुळे भाव आणखी दबला. मालाचे प्रमाण मोजल्याशिवाय नुसता पैसा ओतून भाव टिकत नाही, हा पहिला धडा.

१९३३: मदत, सावरणे आणि सुधारणा

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कार्यक्रमाला 'न्यू डील' म्हणतात. आपल्या भाषेत नवा डाव म्हटले तरी चालेल. पहिल्या शंभर दिवसांत कायद्यांमागून कायदे झाले. त्यांचे तीन भाग पाडतात. उपाशी माणसाला तातडीची मदत, पडलेला बाजार सावरणे, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून कायमची सुधारणा.

तातडीच्या मदतीत रोख रक्कम होती, पण लवकरच भर कामावर दिला गेला. तरुण पोरांचे एक वनरक्षक दल काढले. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतले २५ थेट आईबापाला पाठवले जात. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख पोरे या दलातून गेली. त्यांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली, बांध घातले, वाटा केल्या. १९३५ पासूनच्या दुसऱ्या योजनेत आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना रस्ते, शाळा आणि पूल बांधण्याचे काम मिळाले. आपल्या रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी पाझर तलाव खोदले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही बेकारी पूर्ण हटली नाही. १९३७-३८ मध्ये पुन्हा घसरण झाली आणि सगळ्यांच्या हाताला काम लागले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हकीकत एकांगी होईल.

कमी पेरा आणि पैसे घ्या

१२ मे १९३३ रोजी शेतीसाठी मोठा कायदा झाला. शेतीमंत्री होते हेन्री वॉलेस, स्वतः मक्याच्या बियाण्यातले जाणकार. कायद्याचा विचार असा की, १९०९ ते १९१४ या काळात शेतमाल विकून शेतकरी जेवढी खरेदी करू शकत होता, तेवढी ताकद त्याला परत मिळाली पाहिजे. त्यासाठी कापूस, गहू, मका, डुकरे, तंबाखू वगैरे मालाचे प्रमाण कमी करायचे. जो शेतकरी करार करून क्षेत्र कमी करील त्याला सरकार पैसे देईल. हा पैसा गिरण्या आणि कारखान्यांवरच्या प्रक्रिया करातून उभारायचा.

कायदा झाला तेव्हा कापूस उगवून आला होता. म्हणून त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकावा लागला. तेव्हाचे लोक सांगत की, पिकावर पाय द्यायचा नाही अशी सवय लावलेली खेचरे ओळीवरून चालायलाच तयार होईनात. सुमारे ६० लाख डुकरे आणि पिले बाजारात येण्याआधी मारली गेली. त्यांतले काही मांस गरिबांना वाटले, पण लहान पिलांचे खत आणि चरबी झाली. शहरात माणसे उपाशी आणि इथे अन्नाचा नाश, म्हणून देशभर संताप उसळला. त्यानंतर शिल्लक माल विकत घेऊन गरजूंना वाटण्यासाठी सरकारने वेगळे महामंडळ काढले.

या कायद्यातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्षेत्र मोजायला आणि करार तपासायला वरून अधिकारी पाठवून भागणार नव्हते. प्रत्येक तालुक्यासारख्या भागात शेतकऱ्यांच्याच समित्या नेमल्या गेल्या. कुणाचे किती एकर, हे शेजाऱ्यापासून लपत नाही. ऊस नोंदीला एक एकर आणि शेतात सव्वा एकर असे कुठे कुठे आहे, ते आमच्या चिटबॉयआधी बांधाच्या शेजाऱ्याला ठाऊक असते. तसेच ते.

दुसरी सोय तारण कर्जाची. ऑक्टोबर १९३३ पासून कापसावर पौंडाला १० सेंट कर्ज मिळू लागले. भाव वर गेला तर शेतकऱ्याने माल विकून कर्ज फेडावे. भाव खाली राहिला तर सरकारने माल ठेवून घ्यावा आणि कर्ज फिटले समजावे. गरजेपोटी सुगीतच माल फुंकून टाकण्याची पाळी त्यामुळे टळली.

१९३२ च्या मानाने १९३५ साली तिथल्या शेतीचे निव्वळ उत्पन्न दुपटीवर गेले. त्यात १९३४ च्या दुष्काळाने माल घटल्याचाही वाटा होता. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कापड गिरणीच्या खटल्यात हा कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारने त्याच वर्षी मातीचे रक्षण करणाऱ्या पिकांसाठी पैसे देण्याचा कायदा केला आणि १९३८ मध्ये नवा शेती कायदा आणला. सुकाळात साठवायचे आणि दुष्काळात काढायचे, हा भरल्या कोठाराचा विचार त्यात होता.

पैसा कोणाच्या नावावर?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात लाखो कुटुंबे वाट्याने शेती करीत. जमीन मालकाची, राबणे यांचे, पीक निम्मे निम्मे. त्यांत काळे होते तसे गोरेही होते. क्षेत्र कमी करण्याचा करार सरकारने जमीनमालकाशी केला. पैसा मालकाच्या हाती आला आणि वाटेकऱ्याचा हिस्सा मालकाने द्यायचा ठरला. बऱ्याच मालकांनी तो मागल्या उधारीत वळता करून घेतला. आणि ज्या एकरांवर कापूस लावायचाच नाही, त्यांवर वाटेकरी तरी कशाला ठेवायचा? वाटेकऱ्याला शक्यतो काढू नये असे कलम करारात होते, पण 'शक्यतो' या शब्दाने काय होते हे आपल्याला सांगायला नको.

म्हणजे शेतकऱ्याला तगवण्यासाठी आलेल्या पैशानेच गरीब शेतकरी घराबाहेर पडला. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना बांधली. त्या काळी तिथे दोघांनी एका बाकावर बसणे हीच मोठी गोष्ट होती. वॉलेस यांच्या खात्यातल्या काही वकिलांनी वाटेकऱ्यांची बाजू घेतली, तर फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून काढले. पुढे तरतुदी सुधारल्या आणि १९३७ मध्ये कुळांना जमीन घेण्यासाठी कर्जे देण्याचा कायदा झाला, पण तोवर कितीतरी कुटुंबे रस्त्याला लागली होती. १९३५ च्या म्हातारपणाच्या पेन्शन कायद्यातूनही शेतमजूर वगळले गेले. त्यांचा समावेश १९५० च्या दशकात सुरू झाला.

कायदा करणारे दुष्ट होते म्हणून हे झाले असे आम्ही म्हणत नाही. कागदावर ज्याचे नाव, त्याच्याशी व्यवहार करणे सरकारला सोपे जाते, म्हणून झाले. आपल्याकडे हेच रोज दिसते. वडील जाऊन सहा वर्षे झाली, ऊस पोरगा लावतो, शेअर अजून वडिलांच्याच नावावर. शेत राबते ती बाई आणि सातबारा दिराच्या नावावर. कुणी खंडाने जमीन करतो आणि नोंद मालकाची. हंगाम सुरळीत असतो तोवर हे चालून जाते. मदतीची यादी लागते तेव्हा रडारड होते आणि तेव्हा आमच्या हातात काही नसते.

साखरेचा कायदा आणि त्याची अट

आपल्या धंद्याची गोष्ट आता सांगतो. १९३२ साली क्यूबाच्या कच्च्या साखरेचा भाव पौंडाला एक सेंटाच्याही खाली गेला होता. अमेरिकेत लुइझियाना, फ्लोरिडा, हवाई आणि पोर्तो रिको येथे ऊस, तर कोलोरॅडोसारख्या राज्यांत शर्कराकंद म्हणजे बीट होत असे. ९ मे १९३४ रोजी साखरेचा कायदा झाला. देशाला किती साखर लागते ते दरवर्षी ठरवायचे आणि कोणत्या भागाने किती विकायची याचा कोटा बांधायचा. क्यूबा आणि फिलिपाइन्सलाही कोटा दिला. जून २०१८ मध्ये आपल्या केंद्र सरकारने साखरेला किलोला २९ रुपये किमान विक्री दर बांधला आणि कारखान्यांवर महिन्याचे साठ्याचे बंधन घातले, त्यामागचा विचार याच जातीचा होता.

या कायद्यात आणि त्यानंतरच्या १९३७ च्या कायद्यात जी अट होती, ती कापसाच्या करारात नव्हती. उत्पादकाला सरकारचे पैसे हवे असतील तर त्याच्या शेतात १४ वर्षांखालील मूल कामाला नसावे, मजुराची मजुरी पुरी दिलेली असावी आणि ती सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी नसावी. बीटाच्या शेतात विरळणीला आणि काढणीला तोवर कुटुंबेच्या कुटुंबे लेकरांसह वाकून काम करीत. शिवाय ज्या कारखानदाराचा स्वतःचा ऊस असे, त्याला पैसे हवे असतील तर दुसऱ्याच्या उसालाही रास्त भाव देणे भाग होते. मालकाच्या स्वतःच्या मुलांना सवलत होती, आणि अट सगळीकडे काटेकोर पाळली गेली असे कुणी म्हणणार नाही. तरीही भावाची हमी मागणाऱ्याने मजुराला हमी द्यावी, हा विचार साखरेच्या धंद्यात त्या वेळी कायद्यात आला. ही कोटापद्धत १९७४ अखेरपर्यंत चालली.

आपल्या फडात कोयता चालतो तो घरदार सोडून आलेल्या माणसांचा. पाचटाच्या कोपीत त्यांची लेकरे असतात. आपण रास्त भाव मागतो तेव्हा ही लेकरे शाळेत आहेत का फडात, हेही आपल्याला कुणीतरी विचारणार. ते आपणच आधी विचारलेले बरे.

पैसा संपल्यावर काय उरले?

रोख मदत आली आणि खर्च झाली. आज नव्वद वर्षांनी जे दिसते ते तीन ठिकाणी.

पहिले पत. १९३३ मध्ये शेतीकर्जाची सगळी यंत्रणा एका छत्राखाली आणली. हंगामी कर्जासाठी स्थानिक संस्था आणि सहकारी संस्थांसाठी वेगळ्या बँका काढल्या. सुरुवातीचे भांडवल सरकारचे, पण कर्ज घेणाऱ्याने शंभराला पाच या हिशेबाने शेअर घ्यायचा. आपल्या सोसायटीच्या शेअर कपातीसारखेच. हळूहळू सभासदांचे भांडवल वाढले आणि १९६८ पर्यंत सरकारचा पैसा पूर्ण परत गेला. संस्था शेतकऱ्यांची झाली.

दुसरे माती. कुरणे मोडून पेरलेल्या मुलखात दुष्काळ पडला आणि वाऱ्याने माती उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी भर दुपारी काळोख झाला. त्याच महिन्यात मृद्संधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हे त्या खात्याचे प्रमुख. त्यांनी समपातळी नांगरणी, पट्टा पेरणी आणि बेवड यांचा प्रचार केला. पण १९३७ पासून काम सोपवले ते शेतकऱ्यांनीच चालवायच्या स्थानिक संधारण मंडळांकडे. अशी सुमारे तीन हजार मंडळे आज तिथे आहेत.

तिसरे वीज. १९३५ साली तिथे दहा शेतकऱ्यांत जेमतेम एकाच्या घरी वीज होती. वीज कंपन्या म्हणत, मैलाला दोन-तीन घरे, तारेचा खर्च निघायचा नाही. सरकारने मे १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले आणि स्वस्त कर्ज देऊ केले. कंपन्या पुढे आल्या नाहीत. शेतकरी आले. पाच डॉलर सभासद फी घेत माणसे घरोघर फिरली आणि वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. खांबांमधले अंतर वाढवून आणि साहित्य एकसारखे ठरवून त्यांनी खर्च खाली आणला. संस्था उभी राहते असे दिसताच काही कंपन्यांनी मोठ्या गिऱ्हाइकांपुरती तार ओढून अडथळाही केला. तरीही १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहातल्या नवांहून अधिक शेतांवर वीज पोचली. सुमारे नऊशे वीज संस्था आजही चालू आहेत.

या प्रयोगाचा धागा आपल्या मुलखापर्यंत आला होता. अमेरिकन वीज संस्थांच्या साहाय्याने भारतात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांतली एक श्रीरामपूर भागातली मुळा-प्रवरा. २०११ मध्ये तिथले वीजवाटप महावितरणकडे गेले. संस्था काढणे आणि ती पिढ्यानपिढ्या चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून कळावे.

त्याच मंदीत आपल्याकडे

त्याच वर्षांत आपल्याकडेही साखरेसाठी कायदा झाला होता. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली. देशात तेव्हा सुमारे ३० साखर कारखाने होते, ते पाच वर्षांत १३० च्या वर गेले. उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार प्रांतांना १९३४ च्या कायद्याने मिळाला. संरक्षणाचा लाभ बहुतेक ठिकाणी भांडवलवाल्यांनी घेतला. मात्र माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतः भांडवल जमवून कारखाना काढला. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराची वाट दाखवली. जकात सरकारची होती, पण टिकाऊ उपयोग तिथेच झाला जिथे शेतकरी मालक म्हणून उभा राहिला.

सभासदांनी काय करावे

सरकारकडे मागू नये असे आमचे म्हणणे नाही. मागावे, जोराने मागावे. पण त्याआधी आपल्या हातातले उरकावे. शेअरला वारस लावून घ्यावा आणि मयत सभासदाचा शेअर वारसाच्या नावे करावा. खंडाने आणि वाट्याने करणाऱ्याचा करार कागदावर आणावा. ऊस नोंद खरी द्यावी, कारण गाळपाचे आणि भावाचे सगळे गणित त्या आकड्यावर उभे असते. वार्षिक सभेला सहीपुरते न येता ताळेबंद वाचून यावे.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न:

१. टनाला अनुदान जाहीर झाले तर आपल्या गावात ऊस पिकवूनही यादीत नाव येणार नाही अशी घरे किती? त्यांची नावे काढा.

२. भाव पडल्यावर नुसती खरेदी करून तो का सावरला नाही? साखरेच्या बाबतीत 'प्रमाण मोजणे' म्हणजे काय?

३. आपल्या शिवारात तोडणीला आलेल्या टोळ्यांतील शाळेच्या वयाची मुले किती? ती दिवसभर कुठे असतात?

४. मागच्या दहा वर्षांत गावाला जी सरकारी मदत मिळाली, तिच्यातले आज काय उभे आहे?

पहिल्या प्रश्नातील यादी प्रत्येक गटाने पुढील बैठकीआधी गट ऑफिसात आणून द्यावी. कागदपत्रांचे काम आम्ही शेअर विभागाकडून पुरे करून घेऊ.

ऊस विकास विभाग